फुकट घराचा हिशेब : झोपु योजना कुठे अडते आणि कुठे लक्ष द्यायचं

झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत रहिवाशाला घर फुकट मिळतं आणि सरकारच्या तिजोरीतून त्यासाठी जवळपास काहीच जात नाही. मग पैसे देतं कोण? त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या इमारतीत, म्हणजे सेल बिल्डिंगमध्ये, बाजारभावाने फ्लॅट घेणारा ग्राहक देतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की मुंबईतल्या झोपु योजनेचं बरंचसं कोडं सुटतं. एका वस्तीत टॉवर उभा राहतो आणि चार किलोमीटरवरची वस्ती वीस वर्षं तशीच का राहते, काम अर्ध्यावर का थांबतं, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्यासाठी विकासकाने रहिवाशाला द्यायचं भाडं अचानक का बंद होतं, इमारती इतक्या चिकटून का बांधतात, या सगळ्याची मुळं जमिनीच्या भावात आहेत. पात्र कोण आणि अपात्र कोण, यावरून इतकी झुंबड का उडते, तेही तिथूनच कळतं.

आधी थोडा इतिहास, कारण धोरण एका रात्रीत इथवर आलं नाही. महाराष्ट्राचा झोपडपट्टी कायदा १९७१ चा. १९७६ मध्ये सरकारी जमिनीवरच्या झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास, म्हणजे झोपडीधारकांची फोटो असलेली ओळखपत्रं, दिले गेले. आजही जुन्या वस्त्यांमध्ये पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला तो फोटोपास सापडतो. त्या काळी झोपडी आहे तिथेच ठेवून नळ, संडास, गटार, दिवे द्यायचे असं धोरण होतं. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. त्यात रहिवाशांच्या सहकारी संस्थेला जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची आणि घर ज्याने त्याने सुधारून घ्यायचं, अशी सोय होती. १९९१ मध्ये पहिल्यांदा अडीच चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम, आणि बिल्डर हे दोन्ही या गणितात आले. त्या वेळी विकासकाच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती आणि रहिवाशालाही काही रक्कम भरावी लागायची. १९९५ मध्ये युतीचं सरकार मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं देण्याच्या आश्वासनावर निवडून आलं. अफझलपूरकर समितीचा अहवाल आला आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे आपलं एसआरए, स्थापन झालं. रहिवाशाचा हिस्सा शून्य झाला आणि नफ्याची मर्यादा उठली.

घराचं क्षेत्रफळ तेव्हा २२५ चौरस फूट होतं. पुढे ते २६९ झालं आणि मुंबईची नवी ‘विकास नियंत्रण नियमावली २०३४’ लागू झाल्यापासून ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर आहे. हे कार्पेट क्षेत्र बाथरूम-संडास धरून आणि जिना-पॅसेज वगळून मोजायचं. दुकान असेल तर आहे तेवढी किंवा २२५ चौरस फूट, यांपैकी जी कमी असेल तेवढी जागा मोफत मिळते.

आता हिशेब. आकडे सोपे करून घेतो. समजा उपनगरात २०० कुटुंबांची वस्ती आहे. ३०० फुटांची २०० घरं म्हणजे ६० हजार चौरस फूट कार्पेट. पॅसेज, जिने, लिफ्ट, बालवाडी, सोसायटी कार्यालय धरून पुनर्वसनाचं बांधकाम एक लाख चौरस फूट होतं असं धरू. उपनगरात बरीच वर्षं प्रमाण एकास एक होतं, म्हणजे पुनर्वसनाच्या प्रत्येक दहा फुटांमागे दहा फूट विकायला. शहर भागात ते साडेसात आणि धारावीत १३.३३ होतं. नव्या नियमावलीत हे प्रमाण जमिनीचा रेडी रेकनर दर, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव, आणि बांधकाम खर्च यांच्या गुणोत्तरावर ठरतं. जमीन जितकी महाग, तितकं प्रोत्साहनपर बांधकाम कमी. आपल्या उदाहरणात एकास एकच ठेवू.

म्हणजे एकूण बांधकाम दोन लाख फूट. फुटाला ३,५०० रुपये धरले तर ७० कोटी. २०० कुटुंबांना महिना १५ हजार भाडं, तीन वर्षं : १० कोटी ८० लाख. झाले सुमारे ८१ कोटी, आणि वसूल करायला हातात एक लाख फूट. विक्रीच्या प्रत्येक फुटामागे आठ हजारांच्या वर खर्च तर इथेच झाला. कर्जावरचं व्याज, सरकारी जमीन असेल तर रेडी रेकनरच्या २५ टक्के अधिमूल्य, परवानग्यांची शुल्कं आणि नफा अजून धरलेला नाही.

ज्या भागात फ्लॅट २५ हजार रुपये फुटाने जातो तिथे विकासकांची रांग लागते. एकाच वस्तीत दोन-दोन, तीन-तीन बिल्डरांचे गट पडतात ते तिथेच. जिथे भाव आठ हजार आहे तिथे कुणी फिरकत नाही. मुंबईतल्या ज्या वस्त्यांना घरांची गरज सर्वात जास्त, म्हणजे डंपिंग ग्राउंडच्या कडेची, खाडीलगतची, डोंगरउतारावरची, तिथेच बहुतेक वेळा जमीन स्वस्त आहे किंवा बांधकामावर निर्बंध आहेत. राज्यातल्या छोट्या शहरांत तर हे गणित उभंच राहत नाही. पुण्यात २००५ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे, तिथेही मोक्याच्या जागा पुढे आणि बाकीच्या मागे, हाच अनुभव. योजना गरजेप्रमाणे जात नाही, भावाप्रमाणे जाते. माझ्या मते हा धोरणाचा मूळ दोष आहे, आणि तो अंमलबजावणी सुधारून जाणारा नाही.

दुसरा परिणाम वेळेचा. वरच्या उदाहरणात एक वर्ष उशीर झाला की भाड्याचेच ३ कोटी ६० लाख वाढतात, व्याज वेगळं. बाजार थंडावला, सेल बिल्डिंगचं बुकिंग थांबलं, की विकासक आधी काय बंद करतो? भाडं. घराचं काम बंद पडलेलं बाहेरून लगेच दिसत नाही, पण भाडं पहिल्याच महिन्यात थांबतं. म्हणून भाडं चुकलेला पहिला महिना हा सोसायटीसाठी धोक्याचा बावटा समजायचा. तेव्हाच लेखी तक्रार प्राधिकरणात गेली पाहिजे, सहा महिने वाट पाहून नाही.

यापुढे रहिवाशाने कुठे लक्ष द्यायचं ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाचा कागद परिशिष्ट-२. बोलीभाषेत ‘ॲनेक्शर टू’. वस्तीतल्या प्रत्येक झोपडीची ही यादी सक्षम प्राधिकारी प्रमाणित करतो. जमीन महापालिकेची असेल तर महापालिकेचा, म्हाडाची असेल तर म्हाडाचा, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर उपजिल्हाधिकारी. यादीच्या एका ओळीत झोपडी क्रमांक, धारकाचं नाव, वापर निवासी की अनिवासी, मोजलेलं क्षेत्रफळ, जुन्या वास्तव्याचा पुरावा, सध्याच्या वास्तव्याचा पुरावा आणि शेवटी एक शब्द : पात्र, अपात्र किंवा अनिर्णित. त्या एका शब्दावर कुटुंबाचं घर ठरतं.

पात्रतेची मुख्य तारीख १ जानेवारी २०००. त्याआधीपासूनची झोपडी असेल तर घर मोफत. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातली असेल तर सशुल्क पुनर्वसन, ज्याची किंमत २०२३ मध्ये सरकारने अडीच लाख रुपये ठरवली. २०११ नंतरच्याला काहीच नाही. लक्षात घ्यायची बाब अशी, की पुरावे दोन लागतात. झोपडी त्या तारखेला होती याचा एक, आणि आज तुम्ही तिथे राहता याचा दुसरा. अनेक जण जुन्या पुराव्यांची चळत नेतात आणि चालू वर्षाचं वीजबिल द्यायला विसरतात. ओळीसमोर ‘अपात्र’ पडतं.

जुन्या वास्तव्यासाठी सर्वात भक्कम पुरावा मतदार यादीचा. पण यादीत नाव आहे एवढं पुरत नाही. त्या वर्षीच्या यादीचा प्रमाणित उतारा हवा, त्यावर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हवा, आणि पत्ता त्याच वस्तीचा निघाला पाहिजे. मुंबईत एकाच रस्त्यावर तीन-तीन ‘नगर’ असतात आणि यादीत भलत्याच नगराचं नाव छापलेलं असतं. अशा वेळी वीज कंपनीकडून मीटर बसवल्याच्या तारखेचा दाखला काढावा. ग्राहक क्रमांक आणि पत्ता दोन्ही त्यावर असल्याने तो पूरक पुरावा म्हणून कामाला येतो. दुकानदाराने गुमास्ता परवाना आणि त्याची नूतनीकरणं जपावीत. फोटोपास, सर्वेक्षण पावती, जुनी भाडेपावती, मुलांच्या शाळेचे दाखले, रेशनकार्ड हे सगळं एका फाइलमध्ये वर्षवार लावलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

नावातली गडबड हा तर रोजचा प्रकार. यादीत ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, वीजबिलावर वारलेला नवरा. धारक वारला असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत आधीच तयार ठेवावी. सर्वेक्षणाच्या दिवशी घराला कुलूप असेल तर ती झोपडी ‘बंद’ म्हणून नोंदली जाते आणि पुढे ती नोंद पुसायला वर्षं जातात. सर्वेक्षणाची नोटीस लागली की घरातलं एक माणूस हजर ठेवणं हे कुठल्याही वकिलापेक्षा स्वस्त पडतं.

झोपडी विकत घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. मूळ झोपडी जुनी असेल आणि आज घेणारा तिथे राहत असेल तर नियमांनुसार शुल्क भरून हस्तांतरण मान्य होऊ शकतं, पण साखळीतला प्रत्येक व्यवहार कागदावर दाखवावा लागतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरची एक मधली खरेदी हरवली की साखळी तुटते. आणि पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला या योजनेत घर नाही, मग तो तिथे पंचवीस वर्षं राहत असो. मुंबईतल्या वस्त्यांत भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबं याच माळ्यांवर आहेत. टॉवर उभा राहतो तेव्हा ती पुढच्या खाडीकडे सरकतात. परवडणाऱ्या घरांचं धोरण म्हणायचं आणि सर्वात गरीब भाडेकरूला मोजायचंच नाही, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही.

अपात्र ठरलात तर अपील करता येतं. पण आदेशाच्या तारखेपासून मुदत मोजायला लागते आणि ती साधारण तीस दिवसांची असते. यादी सोसायटीच्या फळ्यावर लागते, कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकतं, आणि ‘समितीवाले बघून घेतील’ म्हणत महिना निघून जातो. समिती तुमच्या वतीने अपील करत नाही. ते प्रत्येकाने स्वतः करायचं, नव्या पुराव्यासह. जुनेच कागद पुन्हा जोडून काही उपयोग होत नाही.

पुढचा टप्पा संमतीचा. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. उरलेले ४९ टक्के नको म्हणत असले तरी कायद्याच्या कलम ३३ आणि ३८ खाली नोटीस काढून घर रिकामं करून घेता येतं. म्हणून पहिल्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायचं ते विचारून घ्यावं. कोऱ्या कागदावर सही देऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘फक्त सोसायटी नोंदणीसाठी’ म्हणून घेतलेली सही पुढे विकासकाच्या संमतीला जोडलेली निघते. सही करताना त्याच कागदावर तारीख आणि ‘अमुक कारणासाठी’ असं स्वतःच्या हाताने लिहावं. विकासक निवडायची सर्वसाधारण सभा सहायक निबंधकांच्या देखरेखीखाली होते. त्या सभेचं इतिवृत्त आणि हजेरीपट याची प्रत मागून घ्यायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

विकासकाला काय विचारायचं? आधीच्या किती योजना पूर्ण झाल्या, हे त्याच्या माहितीपत्रकावरून ठरवू नये. त्या इमारतीत जाऊन बघावं, तिथल्या लोकांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालं का ते विचारावं. ओसी नसलेल्या इमारतीत लोक राहायला गेलेत, पाणी टँकरचं आहे, तर उत्तर मिळालं. आताच्या नियमानुसार विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायचे असतात. ते जमा झाल्याशिवाय झोपडी तोडू देऊ नये. वैयक्तिक करारात भाड्याची रक्कम, दरवर्षीची वाढ, सामान हलवायचा खर्च, घर कोणत्या इमारतीत आणि किती दिवसांत, हे आकड्यात असायला हवं. ‘योग्य वेळेत’ हा शब्द करारात दिसला की तो खोडून तारीख घालायला लावावी.

इरादापत्र, म्हणजे एलओआय, मिळालं म्हणून नारळ फोडतात. एलओआय ही फक्त तत्त्वतः मान्यता. त्यानंतर इमारतीच्या नकाशाला मंजुरी, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. सीसीमध्येही जोत्यापर्यंतचं वेगळं आणि वरच्या मजल्यांचं वेगळं. सेल बिल्डिंगच्या परवानग्या पुनर्वसन इमारतीच्या प्रगतीशी बांधलेल्या असतात, हा रहिवाशाच्या हातातला खरा लगाम. पुनर्वसनाची इमारत सहाव्या मजल्यावर थांबली आणि विक्रीची विसाव्यावर गेली, असं दिसलं तर प्राधिकरणाच्या अभियंत्याकडे दोन्ही इमारतींच्या परवानग्यांच्या तारखा माहिती अधिकारात मागाव्यात. महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचं, संरक्षण मुख्यतः विक्रीच्या फ्लॅटच्या ग्राहकाला आहे. पुनर्वसनातल्या रहिवाशाला दाद प्राधिकरणाकडे, शिखर तक्रार निवारण समितीकडे आणि शेवटी उच्च न्यायालयात मागावी लागते.

रखडलेल्या योजनेत कायद्याच्या कलम १३(२) खाली विकासकाला काढून टाकता येतं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात सुनावण्या, अपील, स्थगिती, नव्या विकासकाने जुन्याच्या खर्चाची भरपाई किती द्यायची यावरचा वाद, यात वर्षं जातात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात सोळाशेवर प्रकरणं प्रलंबित असल्याची दखल घेतली आणि कायद्याचा कामगिरी-आढावा घ्यायला सांगितलं. बोरिवलीतल्या एका योजनेत काम न करणाऱ्या विकासकाला काढण्यावरून तो वाद होता. त्याच वर्षी राज्य सरकारने दोनशेहून जास्त रखडलेल्या योजना म्हाडा, सिडको, एमएमआरडीए, महापालिका यांच्याकडे संयुक्त भागीदारीत द्यायचं ठरवलं. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरमधल्या सोळा-सतरा हजार कुटुंबांची योजना एमएमआरडीएकडे गेली. मला हे पाऊल योग्य वाटतं, कारण सरकारी संस्था बाजार पडला म्हणून भाडं बुडवून पळून जात नाही. पण सोसायटीने विकासकाला दाखवायची ती सगळी चिकाटी सरकारी संस्थेलाही दाखवली पाहिजे. करार, तारखा, धनादेश, सगळं तसंच.

आता इमारतीबद्दल. पुनर्वसन इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमात मोठी सवलत आहे, आणि शिवाय घरांची किमान घनताही ठरलेली आहे. पूर्वी हेक्टरी ५०० घरं होती, आता ६५०. एका घरात साडेचार माणसं धरली तर हेक्टरी जवळजवळ तीन हजार माणसं. विकासकाला विक्रीच्या इमारतीसाठी रस्त्याकडची मोकळी बाजू हवी असते, म्हणून पुनर्वसनाच्या इमारती मागे, एकमेकींना खेटून जातात. खालच्या चार-पाच मजल्यांवर दुपारी बारालाही ट्यूबलाइट. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ च्या सुमारास पुढे आला, त्यात उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दिसला. नकाशा मंजूर होण्याआधी सोसायटीने एवढं तरी बघावं : स्वयंपाकघराची आणि संडासाची खिडकी कुठे उघडते, डक्टमध्ये, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीत, असेल तर तो डक्ट किती रुंद आहे, तो साफ करायला तळाला दार आहे का. दार नसलेल्या डक्टमध्ये दोन वर्षांत कचऱ्याचा ढीग साचतो, पाइप फुटला तर दुरुस्तीला माणूस आत जाऊ शकत नाही, आणि भिंतीला ओल धरते. हे बांधकामानंतर सुधारता येत नाही.

हे सगळं मांडल्यावर विचारावंसं वाटतं, की जिथे जमीन महाग नाही तिथे टॉवरचा हट्ट का? कांदिवलीचं चारकोप बघा. जागतिक बँकेच्या त्याच १९८५ च्या प्रकल्पात तिथे छोटे भूखंड आखले, पाणी, मलवाहिनी, रस्ते दिले, मधल्या अंगणाभोवती घरांचे गट केले आणि प्रत्येक गटाची सहकारी संस्था केली. घर लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलं, आधी एक खोली, मग वरचा मजला. मोठे आणि व्यापारी भूखंड बाजारभावाने विकून छोट्यांचा खर्च भरून काढला. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी सर्वात छोटा भूखंड ३५ चौरस मीटरच्या आसपास ठेवून हेच केलं. १९९५ चा वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार त्या वसाहतीला मिळाला. आज चारकोपला गेलं तर एक चांगली, नांदती वस्ती दिसते. नागपुरात झोपडपट्टीवासीयांना मालकी पट्टे दिले जातात, तेही याच वाटेवरचं आहे. पट्टा हातात आला की पंतप्रधान आवास योजनेतल्या स्वतः घर बांधणाऱ्यासाठीच्या घटकातून अनुदान मागता येतं. पट्टा नसेल तर अर्जच पुढे जात नाही. जळगाव, सोलापूर, मालेगाव, नांदेडसारख्या शहरांना मुंबईचं चटईक्षेत्राचं गणित लावण्यापेक्षा मोजणी, पट्टा, नळ आणि मलवाहिनी हा क्रम लावला तर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त घरं पक्की होतील.

शेवटी ताबा आणि त्यानंतरची वर्षं. सदनिकांचं वाटप सोडतीने होतं, सहायक निबंधकांसमोर. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर होतं, हे वाटपपत्रात नीट तपासावं. पत्नीचं नाव राहिलं तर त्याच आठवड्यात अर्ज द्यावा, पुढे घरात वाद झाला की ते नाव लागणं कठीण जातं. जमीन सोसायटीच्या मालकीची होत नाही. ती ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, आणि भाडं ४,००० चौरस मीटरला १,००१ रुपये इतकं नाममात्र. पण भाडेपट्टा करार नोंदवलाच नाही अशा शेकड्यांनी सोसायट्या आहेत. इमारत जुनी होऊन पुन्हा विकासाची वेळ आली की मग धावपळ. ओसी, भाडेपट्टा, लिफ्टचा परवाना, अग्निशमन दलाची ना-हरकत, मंजूर नकाशे, वॉटरप्रूफिंगची हमी, हे सगळं ताब्याच्या दिवशीच विकासकाकडून मूळ प्रतीत घ्यावं आणि पोच द्यावी.

देखभालीसाठी विकासकाने सोसायटीच्या नावे ठेव ठेवायची असते. जुन्या नियमात ती घरटी २० हजार रुपये होती. २०० घरांचे झाले ४० लाख. सात टक्के व्याजाने वर्षाला २ लाख ८० हजार, महिन्याला साधारण २३ हजार, घरटी ११७ रुपये. तेवढ्यात दोन लिफ्टचा वार्षिक करारही निघत नाही. पंपाची वीज, जिन्यातले दिवे, सफाई कामगार, रखवालदार, अग्निशमन पंपाची देखभाल धरून महिन्याला दोन लाख खर्च असेल तर घरटी हजार रुपये लागतात. झोपडीत ज्याचा महिन्याचा खर्च पाणी आणि विजेपुरता होता, त्याच्यावर हा हजार नव्याने येतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला, त्याने ओझं थोडं हलकं झालं. तरी चार-पाच महिने निम्म्या घरांनी मेंटेनन्स थकवला की आधी लिफ्ट बंद पडते, मग पाण्याच्या टाकीचा पंप. दहाव्या मजल्यावरची म्हातारी माणसं खाली उतरेनाशी होतात आणि घर विकायचा विचार तिथूनच सुरू होतो. विक्रीला सुरुवातीला दहा वर्षांची बंदी होती, पुढे ती कमी केली, आणि बंदीच्या काळातही मुखत्यारपत्रावर घरं गेलीच.

म्हणून नकाशाच्या वेळीच सोसायटीने ठरवायच्या काही गोष्टी आहेत. जिन्यातले दिवे आणि पंप यांच्यासाठी गच्चीवर सौर पॅनेलची जागा आणि वायरिंग मागून घ्यावं. लिफ्ट अशा कंपनीची मागावी जिचा सर्व्हिस इंजिनीअर शहरात आहे. सोसायटीला मिळणारं कार्यालय आणि बालवाडी-समाजकेंद्राची जागा ताब्याच्या यादीत नाव घालून घ्यावी, कारण बऱ्याच ठिकाणी तिथे कुणाचं तरी गोदाम निघतं. देखभालीची ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत, तीन सह्यांनी चालणाऱ्या खात्यात ठेवावी आणि तिच्या पावतीची प्रत सूचना फलकावर लावावी. थकबाकीची यादी दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच फलकावर. ज्याला खरोखर जमत नाही त्याच्याशी समितीने बसून हप्ता ठरवून द्यावा. दोन महिन्यांची थकबाकी हप्त्याने फिटते, दोन वर्षांची फिटत नाही.